भारतातली पदवी घेऊन अमेरिकेत एमएसडब्ल्यूला अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, म्हणजे एमएसडब्ल्यूसाठी, अमेरिकेत जायचं ठरलं की बहुतेकांची धावपळ रँकिंग आणि निबंध यांभोवतीच चालते. अर्ज अडतो मात्र भलत्याच ठिकाणी. पदवी तीन वर्षांची निघते, फील्डवर्कचे तास कुठल्याच कागदावर नसतात, किंवा विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट वेळेवर निघत नाही. म्हणून इथे कागदपत्रांवर जास्त भर दिला आहे. फी, गुणांच्या अटी आणि मुदती दरवर्षी बदलतात. त्या अर्ज करायच्या आठवड्यात त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

माझी पदवी समाजकार्यातली नाही. बी.ए., बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंगवर प्रवेश मिळतो का?

मिळतो. दोन वर्षांचा, साधारण ६० क्रेडिटचा पूर्णवेळ एमएसडब्ल्यू कुठल्याही शाखेच्या पदवीधरासाठी खुला असतो. पहिल्या वर्षी पायाभूत विषय आणि पहिली प्लेसमेंट (संस्थेत देखरेखीखाली करायचं फील्डवर्क), दुसऱ्या वर्षी विशेषीकरण आणि दुसरी प्लेसमेंट, अशी रचना असते.

अनेक विद्यापीठं पूर्वअट म्हणून सामाजिक शास्त्रांतले काही विषय, संख्याशास्त्र आणि कधी मानवी जीवशास्त्र मागतात. बी.कॉम.वाल्यांकडे संख्याशास्त्र असतं, समाजशास्त्र वा मानसशास्त्र नसतं. इंजिनिअरांचंही तसंच. उणीव भरून काढायला ऑनलाइन कोर्स घेणार असाल, तर त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट मिळतं का ते पैसे भरण्याआधी विचारा. नुसतं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

सीएसडब्ल्यूईची मान्यता एवढी महत्त्वाची का?

कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन म्हणजे सीएसडब्ल्यूई ही अमेरिकेतल्या समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. समाजकार्याचा परवाना प्रत्येक राज्याचं मंडळ देतं आणि ही मंडळं सीएसडब्ल्यूई-मान्य एमएसडब्ल्यू मागतात. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असलं तरी विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि या अभ्यासक्रमाची मान्यता वेगळी.

पदवीच्या नावावरून अंदाज बांधू नका. शिकागो विद्यापीठाच्या क्राउन फॅमिली स्कूलमधली पदवी एम.ए. नावाची आहे, कोलंबियाची एम.एस. आहे, आणि दोन्ही मान्यताप्राप्त आहेत. उलट ‘सामाजिक धोरण’, ‘सामाजिक नवोपक्रम’, ‘ना-नफा व्यवस्थापन’ अशा नावांच्या पदव्या त्याच इमारतीत शिकवल्या जातात, पण त्यांवर परवाना मिळत नाही. सीएसडब्ल्यूईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथे नाव शोधा. नावापुढे ‘कँडिडसी’ लिहिलं असेल तर मान्यतेची प्रक्रिया अजून चालू आहे असं समजा. परदेशातून एवढा खर्च करून येणाऱ्याने ही जोखीम घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माझी पदवी तीन वर्षांची आहे. दार बंद झालं का?

नाही, पण कुठलं दार उघडं आहे हे आधी तपासावं लागेल. अमेरिकेतली बॅचलर पदवी चार वर्षांची असते आणि काही विद्यापीठं ‘सोळा वर्षांचं शिक्षण’ अशी अट शब्दशः लावतात. बारावीपर्यंत बारा आणि पदवीची तीन मिळून पंधराच होतात.

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे अनुकूल मूल्यमापन. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणारी डब्ल्यूईएस ही संस्था भारतातली तीन वर्षांची पदवी अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची धरते, पण दोन अटींवर: पदवी देणाऱ्या संस्थेला नॅकची ‘ए’ किंवा त्याहून वरची श्रेणी हवी आणि विद्यार्थी प्रथम वा द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण हवा. इथे बघायचं ते पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे त्याची श्रेणी. संलग्न महाविद्यालयाची नव्हे. दुसरी वाट म्हणजे तीन वर्षांच्या पदवीवर पदव्युत्तर शिक्षण. बी.ए.नंतर एम.ए. झालेलं असेल तर बहुतेक ठिकाणी वर्षांचा प्रश्न उरत नाही. तिसरी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेणं; जे अजून शिकत आहेत त्यांच्यासाठी ही वाट सगळ्यांत सरळ आहे.

मूल्यमापन संस्थेने ‘समतुल्य’ म्हटलं तरी शेवटचा शब्द विद्यापीठाचा. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि त्यात नेमकं लिहा: पदवीचं नाव, वर्षं, विद्यापीठ, नॅक श्रेणी, श्रेणी वा टक्के. ‘मी पात्र आहे का?’ एवढंच विचारलं तर उत्तरात संकेतस्थळाचा दुवा येतो. तपशील दिले तर हो किंवा नाही येतं. ते उत्तर जपून ठेवा.

ट्रान्सक्रिप्ट आणि मूल्यमापन यांत नेमकं काय करायचं?

मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट एक नव्हे. मार्कशीट तुमच्या हातात असते. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र करून विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी दिलेला दस्तऐवज. तो बहुधा बंद लिफाफ्यात किंवा विद्यापीठाकडूनच थेट ऑनलाइन पाठवावा लागतो. लिफाफा तुम्ही उघडलात की तो बाद.

कुठली विद्यापीठं मूल्यमापन मागतात आणि कुठली स्वतः करतात, याची यादी आधी करा. मागत असतील तर कोणत्या संस्थेचं चालतं तेही पाहा. डब्ल्यूईएस आणि ईसीई ही नेहमीची नावं. दोन्ही नेसेस या मूल्यमापन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य आहेत. मूल्यमापनाचे दोन मुख्य प्रकार असतात. एकात फक्त पदवीची समतुल्यता कळते, दुसऱ्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट, ग्रेड आणि एकूण जीपीए दिला जातो. एमएसडब्ल्यूसाठी जवळजवळ नेहमी दुसरा, विषयवार अहवाल लागतो. स्वस्त म्हणून पहिला घेतला की पुन्हा पैसे भरावे लागतात, आणि त्याहून वाईट म्हणजे हातातले आठवडे जातात.

सगळ्यांत जास्त फायली अडकतात त्या नावावरून. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं वा पतीचं, आणि बऱ्याचदा शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. मूल्यमापन संस्थेत तीच व्यक्ती तिसऱ्याच क्रमाने नोंदली जाते, आणि विद्यापीठातून आलेला लिफाफा कुणाच्या फाइलला जोडायचा हे तिथल्या माणसाला कळत नाही. उपाय सोपा आहे. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव वापरा, खात्यात ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असेल तर मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं टाका, आणि लिफाफ्यावर संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक विद्यापीठाकडून लिहून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्जाआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नाहीतर व्हिसावर तुमच्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव माहीत नाही’, असं छापलं जातं आणि पुढे बँकेपासून प्लेसमेंटपर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासा करावा लागतो.

पदवी प्रमाणपत्राबद्दलही एक गोष्ट. दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ प्रमाणपत्र अनेकांनी उचललेलंच नसतं, आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र सगळीकडे चालत नाही. ट्रान्सक्रिप्टच्या अर्जाबरोबर त्याचाही अर्ज करा.

मला ६२ टक्के आहेत. जीपीए किती होतो? एटीकेटी असेल तर?

स्वतः हिशेब करू नका. ६२ ला २५ ने भागून चारपैकी २.४८ असा आकडा काढणारे बरेच जण अर्जच सोडून देतात, कारण अनेक ठिकाणी किमान ३.० मागितलेला असतो. भारतीय विद्यापीठांत ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते हे मूल्यमापन करणाऱ्यांना ठाऊक असतं आणि रूपांतर त्या पट्टीने होतं. अर्जातल्या रकान्यात मूळ टक्के किंवा सीजीपीए जसा आहे तसा लिहा आणि पट्टीच्या जागी १०० किंवा १० भरा.

एटीकेटी लपवता येत नाही आणि लपवूही नये. एखादं सत्र कच्चं गेलं असेल तर बहुतेक अर्जांत ‘अधिक माहिती’चा रकाना असतो, तिथे तीन-चार वाक्यांत कारण आणि पुढच्या सत्रांतली सुधारणा लिहा. मुख्य निबंधात त्यावर एकही ओळ खर्च करू नका.

मी बीएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) केलं आहे. ॲडव्हान्स्ड स्टँडिंग मिळेल का?

ॲडव्हान्स्ड स्टँडिंग म्हणजे पायाभूत वर्ष वगळून थेट विशेषीकरणाला प्रवेश. साधारण एका वर्षात पदवी आणि खर्च जवळपास निम्मा. सीएसडब्ल्यूईच्या नियमाप्रमाणे ही सवलत मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यूवाल्यांसाठीच असते. भारतातली पदवी त्यात बसवायची तर सीएसडब्ल्यूईच्याच ‘इंटरनॅशनल सोशल वर्क डिग्री रेकग्निशन अँड इव्हॅल्युएशन सर्व्हिस’कडून ती तुलनीय असल्याचा निर्णय मिळवावा लागतो. डब्ल्यूईएसचा अहवाल इथे उपयोगाचा नाही. तो पदवीची पातळी सांगतो, समाजकार्याचा आशय तपासत नाही.

या तपासणीत विषयांइतकंच वजन फील्डवर्कला आहे. अमेरिकेत बीएसडब्ल्यूला किमान ४०० तास आणि एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास देखरेखीखालचं फील्डवर्क लागतं. आपल्याकडच्या मार्कशीटवर मात्र ‘फील्डवर्क: १०० पैकी ७१’ एवढंच असतं, तासांचा पत्ता नसतो. म्हणून महाविद्यालयाकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात प्रत्येक वर्षाची संस्था, काम, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव व पात्रता, आठवड्याचे तास, आठवडे आणि एकूण तास आले पाहिजेत. आठवड्याला दोन दिवस मिळून १५ तास आणि वर्षाला २८ आठवडे धरले तर ४२० तास होतात. असा हिशेब पत्रातच मांडलेला असावा. संस्थाभेटी, ग्रामीण शिबिर आणि अभ्याससहल हे वेगळे दाखवायला सांगा, कारण ते सगळं प्लेसमेंटमध्ये मोजलं जाईलच असं नाही. महाविद्यालयाला आकडे फुगवून द्यायला कधीही सांगू नका. अभ्यासक्रमाची छापील प्रत असते आणि ती तपासणाऱ्यांसमोर येते.

सोबत तुमच्या तुकडीला लागू असलेला अभ्यासक्रम इंग्रजीत लागतो. २०१६च्या पदवीला २०२३चा सुधारित अभ्यासक्रम जोडला तर विषयांची नावं जुळत नाहीत आणि फाइल परत येते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जुना नसेल तर विभागाच्या ग्रंथालयात मिळतो.

तुलनीय असल्याचा निर्णय मिळाला तरी प्रवेश हक्काचा होत नाही. काही विद्यापीठं ठरावीक वर्षांपेक्षा जुनी बीएसडब्ल्यू घेत नाहीत, काही परदेशी बीएसडब्ल्यूला ही सवलत देतच नाहीत. निर्णयाची वाट पाहत दुसरा अर्ज थांबवू नका. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज ठेवा.

भारतात एमएसडब्ल्यू झालं आहे. पुन्हा तोच अभ्यासक्रम करावा का?

आधी वरच्याच सेवेकडून एमएसडब्ल्यूची तपासणी करून घ्या. ती अमेरिकन एमएसडब्ल्यूशी तुलनीय ठरली तर अनेक राज्यांत परवान्याच्या वाटेला लागता येतं. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियाचं मंडळ परदेशी एमएसडब्ल्यूसाठी सीएसडब्ल्यूईचीच समतुल्यता मागतं. अमेरिकेत राहण्या-काम करण्याचा अधिकार आधीच असलेल्यांनी, म्हणजे ग्रीन कार्डधारकांनी वगैरे, हीच वाट धरावी; दोन वर्षं आणि मोठी रक्कम वाचते.

भारतातून जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. नुसत्या तपासणीने व्हिसा मिळत नाही, आणि तिथल्या व्यवस्थेतली प्लेसमेंट नसेल तर नोकरीही अवघड जाते. त्यामुळे अनेक जण दुसरं एमएसडब्ल्यू करतात. तसं करताना निबंधात एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल: जे शिकला आहात त्यात काय नव्हतं, जे इथे आहे? ‘जागतिक अनुभव’ हे उत्तर पुरत नाही. ‘आघात-आधारित समुपदेशन’ किंवा ‘रुग्णालयातलं क्लिनिकल काम’ असं ठोस काही हवं. भारतातल्या एमएसडब्ल्यूची क्रेडिट मात्र सहसा वळती होत नाहीत.

सहा वर्षं संस्थेत काम केलं आहे. त्याबद्दल फील्डवर्कमधून सूट?

नाही. कामाच्या वा आयुष्याच्या अनुभवाबद्दल क्रेडिट देण्याला सीएसडब्ल्यूईच्या निकषांतच मनाई आहे. अनुभवाचा उपयोग निवड आणि शिष्यवृत्तीत होतो, आणि चांगला होतो.

इंग्रजीची परीक्षा आणि जीआरई?

जीआरई बहुतेक एमएसडब्ल्यू कार्यक्रम मागत नाहीत. टोफेल किंवा आयईएलटीएस लागते, डुओलिंगो काही ठिकाणी चालते, आणि गुण दोन वर्षंच ग्राह्य असतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही विद्यापीठं सूट देतात. त्यासाठी महाविद्यालयाचं माध्यमाचं पत्र लागतं. मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्यांनी लेखन आणि बोलणं या दोन विभागांवर जास्त वेळ द्यावा. एकूण गुण पुरेसे आणि एका विभागात अर्ध्या गुणाने कमी, असं सर्रास होतं.

निबंधात काय लिहायचं?

आधी प्रश्न नीट वाचा. बहुतेक विद्यापीठं मोकळा निबंध मागत नाहीत. एखादा सामाजिक प्रश्न, समाजकार्याची मूल्यं, स्वतःच्या सामाजिक स्थानाची जाणीव आणि पुढचं विशेषीकरण अशा उपप्रश्नांची उत्तरं मागतात. एकच निबंध आठ ठिकाणी पाठवला की तो कुठल्याच प्रश्नाचं धड उत्तर देत नाही. एनएएसडब्ल्यू या अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेची आचारसंहिता वाचून घ्या. तिच्या मूल्यांची नावं निबंधात मोजून दाखवायची नाहीत, पण तुम्ही सांगितलेला प्रसंग त्यांच्याशी विसंगत नसावा.

वाचणाऱ्याला आपली व्यवस्था माहीत नाही, हे धरून चाला. ‘आशा’, ‘अंगणवाडी’, ‘बचत गट’, ‘बालकल्याण समिती’ हे शब्द आले की पाच-सहा शब्दांत ते काय आहे ते सांगा. आणि विशेषणांऐवजी काम दाखवा. ‘ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणासाठी झटलो’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता थकलेल्या बाईला सगळ्यांसमोर विचारलं जायचं, आम्ही ती चर्चा बैठकीआधी दोघींतच करायला सुरुवात केली’ या वाक्यातून तुम्ही काय पाहता आणि कसा विचार करता ते कळतं. त्याच प्रसंगात काय जमलं नाही, हेही लिहा.

लाभार्थ्यांची खरी नावं, गाव, ओळख पटेल असे तपशील कधीही देऊ नका. हा गोपनीयतेचा भंग आहे आणि निवड समिती तो तसाच वाचते. स्वतःच्या आयुष्यातला आघात सांगायचा असेल तर आज तुम्ही त्याकडे अंतर ठेवून पाहू शकता का, हे आधी स्वतःला विचारा. तीन ओळी घटनेला आणि उरलेली जागा त्यातून आलेल्या समजेला, हे प्रमाण ठीक असतं.

शिफारसपत्रं कुणाची घ्यावीत?

सहसा तीन लागतात. एक शिकवणाऱ्याचं, एक फील्डवर्क पर्यवेक्षकाचं किंवा कामावरच्या वरिष्ठाचं, तिसरं यांपैकी कुणाचंही. संस्थेच्या विश्वस्तांचं किंवा ओळखीतल्या मोठ्या पदाधिकाऱ्याचं पत्र, तुमचं काम जवळून न पाहिलेलं असेल तर, उपयोगाचं नाही. पत्र पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता शक्यतो संस्थेचा हवा. खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची खातरजमा करायला वेळ जातो. आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सरळ म्हटलं जातं. ते स्वीकारू नका. त्याऐवजी पर्यवेक्षकांना एका पानावर तुमची कामं, तारखा आणि दोन-तीन प्रसंग लिहून द्या. पत्र त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावं. तिन्ही पत्रांची भाषा सारखी निघाली तर पूर्ण अर्जावर संशय येतो.

ऑनलाइन एमएसडब्ल्यू चालेल का?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी नाही. पूर्णवेळ शिक्षणात दर सत्राला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे जास्तीत जास्त तीन क्रेडिट, धरता येतात. अर्धवेळ अभ्यासक्रमही या व्हिसावर करता येत नाही. भारतात बसून ऑनलाइन करायचं म्हटलं तर प्लेसमेंटचा प्रश्न येतो. अनेक कार्यक्रम अमेरिकेबाहेर प्लेसमेंट देत नाहीत.

प्लेसमेंट कशी मिळते आणि त्यासाठी कुठली परवानगी लागते?

प्लेसमेंट विद्यापीठाचं फील्ड कार्यालय जुळवतं. पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण १६ तास, दुसऱ्या वर्षी २० ते २४, असा ढोबळ क्रम असतो. प्लेसमेंटचा फॉर्म तुम्ही भारतात असतानाच, मे-जूनमध्ये येतो. त्याकडे दुर्लक्ष झालं तर चांगल्या जागा जातात. त्यात गाडी आहे का, ती चालवण्याचा परवाना आहे का, असं विचारलेलं असतं. नसेल तर नाही लिहा आणि सार्वजनिक वाहतुकीने पोहोचता येईल अशी जागा मागा.

परवानगीचं नाव सीपीटी, म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग. एरवी ती एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते, पण अभ्यासक्रमातच सुरुवातीपासून प्रशिक्षण सक्तीचं असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अपवाद आहे आणि एमएसडब्ल्यू त्यात बसतं. प्लेसमेंट विनावेतन असली तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून परवानगीचा प्रश्न आधी मिटवा. सीपीटी लागत असेल तर आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो दस्तऐवज) संस्थेचं नाव आणि तारखा येईपर्यंत तिथे पाऊल ठेवू नका. पर्यवेक्षक ‘सोमवारी ओरिएंटेशनला या’ म्हणतात, परवानगी बुधवारपासून असते, आणि हे दोन दिवस विनापरवाना काम ठरू शकतात. आठवड्याला २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ धरली जाते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वा जास्त झाली तर पुढची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, हातची जाते, म्हणून सलग पूर्णवेळ प्लेसमेंट घेताना महिने मोजा.

रुग्णालयं आणि शाळा आरोग्याची कागदपत्रं मागतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची क्षयरोगाची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्वचाचाचणीऐवजी आयजीआरए ही रक्तचाचणी मागा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, ते भारतातच सुरू करा. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या लशीची नोंद सापडत नसेल तर प्रतिपिंडांची तपासणी करून अहवाल इंग्रजीत घ्या. पार्श्वभूमीची तपासणी आणि बोटांचे ठसे जवळजवळ सगळीकडे होतात. भारतातलं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेतून काढता येतं. निघण्याआधी काढून ठेवलेलं बरं.

पैशांची सोय कशी होते?

इतर शाखांसारखी पूर्ण फीमाफी आणि असिस्टंटशिप एमएसडब्ल्यूत क्वचित मिळते. फीतला काही भाग माफ, हेच सर्वसाधारण. संकेतस्थळांवर बालकल्याणासाठीचा ‘टायटल फोर-ई’ निधी किंवा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य प्रशिक्षणवृत्त्या ठळकपणे दिसतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याने त्या हिशेबात धरू नयेत. फेडरल कर्ज आणि वर्क-स्टडी तर मिळतच नाही. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण प्लेसमेंटचे तास धरून त्याला वेळ उरतो थोडाच. त्या कमाईतून फी भरण्याचा बेत करू नका.

आपल्याकडच्या बाजूने अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या गटांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि समाजकार्यात उत्तम असलेली काही राज्य विद्यापीठं त्या क्रमवारीत मागे असतात. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर विद्यापीठांची यादी करतानाच ही अट समोर ठेवा. जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देतं.

केव्हा काय करायचं?

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी आदल्या वर्षीच्या जून-जुलैत ट्रान्सक्रिप्टला हात घाला. परीक्षा विभागातला वेळ तुमच्या हातात नसतो, बाकी सगळा असतो. बीएसडब्ल्यूवाल्यांनी फील्डवर्कचं पत्र याच वेळी घ्यावं. सुट्टी लागली की सहीसाठी महिना जातो. सप्टेंबरपर्यंत कागद मूल्यमापनाला पोहोचले आणि ऑक्टोबरात इंग्रजीची परीक्षा झाली, तर नोव्हेंबर निबंधांना मोकळा मिळतो. मुदती बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात. शिष्यवृत्तीची मुदत त्याआधीची असू शकते. निकाल मार्चच्या आसपास. मग अनामत रक्कम, आर्थिक पुरावे, आय-२०, त्यानंतर ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी, १८५ डॉलरची व्हिसा अर्ज फी आणि मुलाखत. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनच अमेरिकेत प्रवेश करता येतो, त्यामुळे तिकीट घाईने काढू नका.

शिकून झाल्यावर नोकरी आणि परवाना?

ओपीटीवर १२ महिने काम करता येतं. समाजकार्य ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत नाही, त्यामुळे पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ नाही. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो; लवकर करा, कारण ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. ॲडव्हान्स्ड स्टँडिंगवाल्यांनी ओपीटीसाठी लागणारं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष भरतं की नाही, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारावं.

परवान्यासाठी बहुतेक राज्यांत एएसडब्ल्यूबी या परवाना मंडळांच्या संघटनेची परीक्षा असते. एमएसडब्ल्यूनंतर पहिल्या पातळीचा परवाना, आणि स्वतंत्रपणे क्लिनिकल काम करायचं तर देखरेखीखाली आणखी काही हजार तास. कॅलिफोर्नियात ते ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे आहेत. म्हणजे एका वर्षाच्या ओपीटीत क्लिनिकल परवाना पूर्ण होत नाही. त्यासाठी एच-१बी सारखा पुढचा, नोकरीवरचा व्हिसा लागतो. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं आणि संशोधन संस्था यांना एच-१बीची वार्षिक मर्यादा लागू नाही. साध्या स्वयंसेवी संस्थेला मात्र लागू आहे. दुसऱ्या वर्षाची प्लेसमेंट निवडताना हा फरक लक्षात घ्या, कारण पहिली नोकरी अनेकदा तिथेच मिळते.

अमेरिकेऐवजी कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया?

कॅनडात मान्यता देणारी संस्था सीएएसडब्ल्यूई आहे; परदेशी समाजकार्य पदवीची तपासणी मात्र सीएएसडब्ल्यू ही वेगळी संघटना करते. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांचं ‘क्वालिफाइंग’ मास्टर्स आणि १,००० तासांची प्लेसमेंट असते; पुढे व्यावसायिक मूल्यांकनासाठी एएएसडब्ल्यू ही तिथली समाजकार्यकर्त्यांची संघटना आयईएलटीएसच्या चारही विभागांत ७ मागते. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. सोशल वर्क इंग्लंडने मान्य केलेला अभ्यासक्रमच हवा आणि त्यात २०० दिवसांचं प्रत्यक्ष काम असतं. तिथली अनेक विद्यापीठं या अभ्यासक्रमाला व्हिसावरचे विद्यार्थी घेत नाहीत, म्हणून तो प्रश्न सगळ्यांत आधी विचारा.

प्रवेश मिळाला, पण व्हिसा वेळेत होत नाही. उशिरा गेलं तर?

एमएसडब्ल्यूत सहसा जमत नाही. प्लेसमेंटचे तास पहिल्या आठवड्यांपासून मोजले जातात आणि संस्था तुमच्यासाठी जागा धरून बसत नाही. आय-२०वर ‘उशिरात उशिरा पोहोचण्याची’ तारीख मिळते का ते विचारा, नाहीतर सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच प्रवेश पुढे ढकलण्याची लेखी विनंती करा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीही कायम राहील का, अनामत रक्कम चालू राहील का, आणि सेव्हिस क्रमांक तोच ठेवून तारीख बदलतील का. क्रमांक तोच राहिला तर सेव्हिस फी पुन्हा भरावी लागत नाही. बहुतेक कार्यक्रमांत पूर्णवेळ प्रवेश वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो. जानेवारीत जागा मिळेल असं धरून नोकरीचा राजीनामा देऊ नका.